घरच्या घरी अजगर: नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन

आधी पात्रता. आपण पुण्यात, ठाण्यात किंवा मडगावात राहत असाल तर हे वाचन इथेच आवरावं. भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याची घरात सोय केलीत तर तीन ते सात वर्षं आपली सोय सरकार करतं, आणि तिथे पाळीव प्राणी चालत नाहीत. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकास्थित वाचकांसाठी. त्यातही ज्यांचं घर मोठं, गॅरेज दोन गाड्यांचं, काम घरूनच, आणि मुलं आता फारशी बोलत नाहीत अशांसाठी.

फ्लोरिडावाल्यांनीही थांबावं. तिथे २०२१ पासून मोठ्या जातींचे अजगर हौसेखातर नव्याने आणता येत नाहीत. का, ते ओघात येईलच. टेक्सासात परवाना लागतो आणि तो मिळतो. बाकी राज्यांचे नियम वेगळे, शहरांचे त्याहून वेगळे, आणि घरमालकांच्या संघटनेचे सर्वांत कडक. गेल्या वर्षी तुमच्या तुळशीवृंदावनाच्या रंगावरून पत्र आलं होतं, तीच ही संघटना. घरविम्याचा कागदही एकदा वाचून ठेवा. आजवर कोणी वाचलेला नसतो, आणि कुठले प्राणी विम्यातून वगळलेत ते तिथेच बारीक अक्षरांत असतं.

पायरी पहिली: निवड

राक्षसी म्हणावेत असे, आणि हौशी लोकांच्या घरांत सहज सापडणारे, मुख्यतः दोन. एक बर्मी अजगर: अंगाने जड, स्वभावाने बराच शांत. दुसरा रेटिक्युलेटेड पायथन, हौशी मंडळींच्या तोंडी ‘रेटिक’: जगातला सर्वांत लांब साप, अंगावर जाळीची नक्षी, हुशार आणि शीघ्रकोपी. बर्मी किती वाढतो? इलिनॉय राज्यात ‘बेबी’ नावाची बर्मी मादी होती, तिचं वजन १८२.८ किलो भरलं. रेटिक किती वाढतो? कॅन्सस सिटीची ‘मेदुसा’ २०११ साली मोजली तेव्हा ७.६७ मीटर लांब होती आणि तिला धरायला पंधरा माणसं लागली. आपल्या घरी येईल तो प्राणी बहुधा इतका वाढणार नाही. पंधरा-सोळा फुटांवर थांबेल. धीर येण्यासाठी हा आकडा तोंडपाठ ठेवावा.

जाणकार सांगतील की नवशिक्याने बॉल पायथन घ्यावा. तो चार-पाच फुटांचा होतो आणि घाबरला की स्वतःच्याच वेटोळ्यात डोकं लपवतो. पण आपण इथवर वाचत आलात त्या अर्थी असल्या सल्ल्याचा उपयोग नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात पिल्लं मिळतात, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत. पिल्लू दीड-दोन फुटांचं, डोळे टपोरे, बोटांभोवती गुंडाळून बसणारं. हाच क्षण धोक्याचा. घराचा आराखडा, खर्चाचा अंदाज, बायकोला सांगायची वाक्यं, सगळं या डब्यातल्या प्राण्यावर बेतलं जातं आणि तो प्राणी त्या मापात सहा महिनेही राहत नाही. पोटभर खायला मिळालं तर दोनेक वर्षांत तो दहा फुटांच्या आसपास असतो आणि पुढे वीसेक वर्षं जगतो. हिशोब मांडायचा तर त्या वीस वर्षांचा मांडा. यावर विकणारे ‘सुपर ड्वार्फ’ सुचवतात, म्हणजे इंडोनेशियातल्या कालातोआसारख्या छोट्या बेटांवरच्या बुटक्या वंशातला रेटिक. तो खरोखरच लहान राहतो. पण विकणाऱ्याला त्याच्या आजोबांचं बेट माहीत आहे का, एवढं विचारून पाहावं.

पायरी दुसरी: खोली

पेटी किमान आठ फूट बाय चार फूट, आणि मोठ्या रेटिकला तीही अपुरीच. एका टोकाला साधारण ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२७, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. साप पोळेपर्यंत तापल्या जागेवर बसून राहतो. हवेत दमटपणा हवा, नाहीतर कात तुकड्यांत निघते. तो दमटपणा पेटीतच राहिला तर साप सुखी, भिंतीत शिरला तर बुरशी सुखी. आणि संपूर्ण अंग बुडेल एवढा पाण्याचा टब. आठवडे-आठवडे रोखून धरलेलं सगळं तो त्याच टबात सोडणार. तो दिवस शक्यतो पाहुणे येणार असतात तो असतो.

अशी पेटी बसेल अशी खोली घरात एकच असते: पाहुण्यांची. म्हणजे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हाची. त्यांना फोनवर काय सांगायचं हे आपलं आपण ठरवावं. ‘साप पाळलाय’ असं म्हटल्यावर आई आधी गप्प होते, मग विचारते की तो खातो काय.

कडी-कुलपाबद्दल मात्र विनोद नाही. अजगर रात्रभर नाकाने प्रत्येक फट ढकलून पाहतो. त्याला दुसरं काम नसतं. जुलै २००९मध्ये फ्लोरिडात एका घरातला पाळीव बर्मी टाकीबाहेर आला आणि पाळण्यातल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. तो साडेआठ फुटांचाच होता, आणि उपाशी ठेवलेला. टाकीला झाकण नव्हतं, वर रजई टाकलेली होती. २०१३ साली कॅनडातल्या कॅम्पबेल्टनमध्ये एक आफ्रिकन रॉक पायथन वायुवीजनाच्या नळीतून छतातून पडला आणि खाली झोपलेले दोन लहान भाऊ गेले. घरात मूल असेल, किंवा मूल राहायला येत असेल, तर हा बेतच सोडा. हे एक वाक्य या लेखातलं गंभीर वाक्य समजावं.

पायरी तिसरी: स्वयंपाक

मोठ्या अजगराला दोन-चार आठवड्यांतून एकदा ससा लागतो. जिवंत नको, तो चावतो. गोठवलेला आणावा, कोमट पाण्यात ठेवून आतला बर्फ पूर्ण वितळू द्यावा, लांब चिमट्याने द्यावा. यासाठी वेगळा फ्रीझर हवा. काही घरांत पहिला महिना काटकसर म्हणून एकच फ्रीझर वापरतात. मग एके दिवशी सासूबाई ओल्या नारळाचा चव शोधायला जातात आणि दुसरा फ्रीझर त्याच संध्याकाळी येतो.

गिळल्यानंतर त्याला हात लावायचा नाही. आत मोठं काम चाललेलं असतं: दोन दिवसांत बर्मी अजगराचं हृदय सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतं, आतडी फुगतात, आणि पचन संपलं की सगळं पुन्हा पूर्ववत होतं. त्यानंतर तो महिनोन् महिने न खाता राहू शकतो. शाकाहारी कुटुंबांना याचा मोठा आधार वाटतो. श्रावणात त्याने काही खाल्लं नाही तर त्याचं श्रेय घ्यायला हरकत नाही.

पायरी चौथी: हाताळणी

पेटी उघडली की जेवण, असं समीकरण त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून आधी हूकने हलकेच अंगाला स्पर्श करायचा. त्यावरून त्याला कळतं की आज खाणं नाही. हाताला सशाचा वास असेल तर हे समीकरण पुन्हा बिघडतं. आठ-दहा फुटांपुढच्या सापाला एकट्याने कधीही बाहेर काढू नये. दुसरा सज्ञान माणूस त्याच खोलीत हवा. खालच्या मजल्यावर मॅच बघत असलेला चालत नाही. विळखा पडलाच तर शेपटीच्या टोकापासून सोडवत यायचं, आणि तोंड सुटत नसेल तर त्यात थोडं स्पिरिट ओतायचं. बाटली कुठे आहे हे दोघांनाही माहीत असावं. शेवटी हात साबणाने धुवा. साल्मोनेला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर मुक्कामाला असतो.

पायरी पाचवी: पैदास

एवढं निभावलं की मनात गणित सुरू होतं. मादी ३०-४० अंडी घालते. एका पिल्लाला अमुक डॉलर. हे गणित कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात मांडतात. उजवा अर्धा कोरा राहतो.

इथे मॉर्फ हा प्रकार येतो. अल्बिनो, टायगर, गोल्डनचाइल्ड: रंग आणि नक्षीचे आनुवंशिक प्रकार. ज्याच्या अंगावर रंग दिसत नाही पण जनुक असतं तो ‘हेट’. आणि असण्याची शक्यता तीनात दोन असेल तर तो ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकला जातो. म्हणजे गुण दिसत नाहीत, पण असावेत, आणि ते कळायला आधी लग्न लावावं लागतं. पत्रिका जुळवणाऱ्या घरांतल्या वाचकांना हा व्यवहार चटकन समजतो.

कृती अशी. हिवाळ्यात रात्रीचं तापमान थोडं उतरवायचं आणि नर मादीकडे सोडायचा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन नख्या असतात, पूर्वजांच्या मागच्या पायांचा उरलेला ऐवज. त्यांनी तो तिला गुदगुल्या करतो. या दिवसांत त्याचं खाण्यावरचं लक्ष उडतं. नर नसला तरी गाडं अडेलच असं नाही: केंटकीतल्या लुइव्हिल प्राणिसंग्रहालयात थेल्मा नावाच्या रेटिक मादीने २०१२ साली नराशिवाय ६१ अंडी घातली आणि त्यांतून सहा धडधाकट मुली निघाल्या.

मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. बर्मी तर थंडी वाढली की स्नायू थरथरवून स्वतः ऊब तयार करते. आपण तिची अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवायची, ३१-३२ अंशांवर, आणि ठेवताना वर असलेली बाजू वरच ठेवायची. उलटली तर गर्भ मरतो. बर्मीला सुमारे दोन महिने, रेटिकला तीन. मादीच्या अंगावर हात घालून अंडी काढणं हे या छंदातलं असं काम आहे की ज्याचं चित्रीकरण सगळे करतात आणि ते पुन्हा कोणी बघत नाही.

मग एका सकाळी पिल्लं अंड्याबाहेर डोकी काढतात. चाळीस पिल्लं म्हणजे चाळीस वेगळे डबे, चाळीस पाण्याच्या वाट्या, चाळीस तापमानं. आठवड्याला एक उंदीर धरला तर वर्षाला २०८०. रेटिकची पिल्लं चावतात, मनापासून चावतात. ती विकायला आपण प्रदर्शनात टेबल घेता, आणि शेजारच्या सहा टेबलांवर तीच पिल्लं निम्म्या किमतीत असतात, कारण त्या सहा जणांनीही डावीच बाजू भरली होती. जी विकली जातात ती दीड-दोन फुटांची असतात. घेणारा त्यांना बोटांभोवती गुंडाळून बघत असतो.

पायरी सहावी: निरोप

१९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९ हजार बर्मी अजगर अमेरिकेत आयात झाले. सगळ्यांनाच पाहुण्यांची खोली मिळाली नाही. काही मालकांनी रात्री गाडी काढली आणि दलदलीकाठी दार उघडलं. १९९२च्या अँड्र्यू वादळात उद्ध्वस्त झालेल्या एका पैदासकेंद्रातूनही काही निसटले असं मानतात. २००० पर्यंत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीत त्यांचं प्रजनन सुरू झालेलं मान्य झालं. २०१२मध्ये आलेल्या पाहणीत रस्त्याकडेला दिसणारे रॅकून ९९.३ टक्क्यांनी घटले होते, ओपोसम ९८.९ टक्क्यांनी, आणि ससे दिसलेच नाहीत. त्याच वर्षी बर्मीच्या आयातीवर अमेरिकेच्या केंद्र सरकारने बंदी घातली, २०१५ला रेटिकवर. २०१७ साली फ्लोरिडाने तमिळनाडूतून मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या इरुळा जमातीच्या दोन साप पकडणाऱ्यांना बोलावलं. लोखंडी गज, तीक्ष्ण नजर आणि पिढ्यांची विद्या घेऊन ते गेले आणि पहिल्या दोन आठवड्यांत तेरा अजगर पकडले. दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. भारतातल्या गवतात अजगर सुखाने राहतोय आणि अमेरिकेतला शोधायला भारतातून माणसं न्यावी लागली, हा व्यवहार मला या छंदातला सर्वांत महाग वाटतो.

तेव्हा दलदल नको. फ्लोरिडात परदेशी पाळीव प्राणी विनादंड परत घेणारी योजना आहे, तिथे प्रश्न फार विचारत नाहीत. इतर राज्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचावसंस्थांना फोन करावा लागतो. आपल्या आधी कितीतरी जणांनी केलेला असतो, म्हणून साप सात फुटांचा असतानाच करावा. सोबत त्याच्या खाण्याची वही, थर्मोस्टॅट आणि पेटीही द्यावी. पेटी खोलीतच जोडलेली असेल तर ती दारातून बाहेर निघत नाही. तिचे स्क्रू कुठे ठेवलेत ते आधी बघून घ्या.