अण्णा पिस्तूल उघडतात

अण्णांचा स्कोअर ६०० पैकी ५४० च्या आगेमागे असतो. पाच इकडं, पाच तिकडं. कित्येक वर्षं तो तिथंच मुक्काम ठोकून आहे. बदलतं ते कारण. उन्हाळ्यात छर्ऱ्यांचा लॉट खराब लागतो, पावसाळ्यात ग्रिपचं लाकूड फुगतं, थंडीत सील आखडतात आणि ज्या दिवशी ऋतूला जबाबदार धरता येत नाही, त्या दिवशी पुढच्या साइटचा स्क्रू 'किंचित, अगदी किंचित' सैल झालेला असतो. हात मात्र बारा महिने निर्दोष.

दहा मीटर एअर पिस्तूल जिथं जिथं खेळतात तिथं असा एक अण्णा सापडतोच. पुण्यात बालेवाडीला तो आयटीवाला असतो आणि प्रत्येक स्क्रूच्या प्रत्येक आट्याची एक्सेलमध्ये नोंद ठेवतो. मुंबईत वरळीला त्याच्याकडं दोन पिस्तुलं असतात, म्हणजे एक कायम उघडलेलं. पण अस्सल माल कोल्हापूरचा, कारण त्याच्या हाकेच्या अंतरावर लेथवाल्यांचं उद्यमनगर आहे. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत ज्या गावातून जगात गेल्या, त्याच गावात अण्णा रोज संध्याकाळी सहाला रेंजवर येतात, हातात एक पेटी पिस्तुलाची आणि दुसरी, जरा मोठी, हत्यारांची.

नोकरीत ते सहकारी बँकेत होते. दिवसाखेरीस पैशाचा फरक लागला तर सगळ्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवून घेणारे. निवृत्तीनंतर पैशांची जागा ग्रॅमनं आणि मिलिमीटरनं घेतली. शाखा उरली नाही, म्हणून घर बसतं.

पिस्तूल ऑस्ट्रियाचं. किंमत वहिनींना अजून पूर्ण सांगितलेली नाही. हप्त्याहप्त्यानं सांगणं चालू आहे. अशा मॅच पिस्तुलाबरोबर कारखाना एक कार्ड देतो. पिस्तूल शिकंज्यात आवळून पाच छर्रे मारलेले असतात आणि कार्डावर एकच भोक दिसतं, छर्ऱ्याहून जेमतेम मोठं. याचा अर्थ, या यंत्राला दहा मीटरवर जे करायचं ते येतं. पिस्तुलाच्या बाजूचा इतका सज्जड लेखी पुरावा दुसरा नसेल. अण्णांनी ते कार्ड पेटीच्या तळाशी पालथं ठेवलंय. कुणी काढून दाखवलं तर म्हणतात, "ते ऑस्ट्रियात मारलंय. तिथली हवा कोरडी."

रेंजवरचे सर शांत गृहस्थ. त्यांनी एकदा फळ्यावर हिशेब मांडला. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. त्याबाहेरचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटर रुंद. पिस्तुलाच्या मागच्या नि पुढच्या साइटमध्ये फूटभराहून जरा जास्त अंतर. म्हणजे पुढची साइट मागच्या खाचेत एक दशांश मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा तीन मिलिमीटर सरकणार. आता हात लांब करून दीड किलोच्या आतलं पिस्तूल ७५ मिनिटांत ६० वेळा उचलायचं, तेही एकाच हातानं. तेव्हा तो एक दशांश कुणामुळं सरकतो, ते तुम्हीच ठरवा. अण्णांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे पुढची साइट पाव मिलिमीटर रुंद घेऊ म्हणता?"

त्यांच्या ग्रिपबद्दल मात्र वेळ काढून सांगायला हवं. मॅच पिस्तुलाची ग्रिप अक्रोडाची असते, पंजाच्या आकारात कोरलेली, तळाशी हाताची कड टेकायला पुढंमागं सरकणारी फळी. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि ती थोडीफार घासून, थोडीफार भरून आपल्या हाताला बसवून घेणं हे सगळेच नेमबाज करतात. त्यात गैर काही नाही, उलट ते करायलाच हवं. पण बाकीचे लोक ते एकदा करतात. अण्णांनी पहिल्या महिन्यात करंगळीपाशी कानस मारली. मग करंगळी सैल लागायला लागली म्हणून तिथं रंगारी वापरतात ती लांबी भरली. मग अंगठ्याखाली टोचायला लागलं, तिथं पॉलिश पेपर. मग तळहाताच्या खळग्यात पोकळी जाणवली, तिथं पुन्हा लांबी. आज ती ग्रिप आडवी कापली तर सह्याद्रीच्या बेसॉल्टसारखे थर दिसतील आणि कुठला थर कुठल्या जिल्हा स्पर्धेनंतरचा, हे अण्णा बोट ठेवून सांगतील. मूळचं अक्रोड आत कुठंतरी असावं.

हे थर शेवटी स्पर्धेच्या तपासणी टेबलावर नडले. नियमाप्रमाणे एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावावं लागतं. पंच पिस्तूल खोक्यात ठेवतात. मावलं तर स्टिकर, नाही तर घरी. अण्णांचं पिस्तूल लांबीला मावलं, उंचीला मावलं, जाडीला अडलं. मागं रांग उभी. दुसरा कुणी हबकला असता. अण्णांनी शर्टाच्या खिशातून पॉलिश पेपरची घडी काढली, जणू पेन काढावं, आणि तिथंच टेबलाच्या कडेला बसून घासायला लागले. चारदा घासलं, चारदा मापलं. टेबलावर पिवळसर भुकटीचा ढीग पडला. पंच म्हणाले, "काका, आता बास, मावलं." अण्णा म्हणाले, "थांबा हो, आता कुठं हाताला बसायला लागलंय."

ट्रिगरची गोष्ट याहून गंभीर, कारण तिच्यात वाणी गुंतला. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, असा नियम आहे. पंच पिस्तूल कॉक करून नळी वर करतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि वजन टेबलावरून अलगद उचलतात. ट्रिगर सुटला नाही तर पास. असे तीन प्रयत्न मिळतात. त्यामुळं प्रत्येक नेमबाजाला ट्रिगर ५०० च्या शक्य तितका जवळ हवा असतो, पण कुणी शहाणा थोडी सूट ठेवतो, कारण स्प्रिंग कधीतरी रुसते. अण्णांना सूट मान्य नाही. ५०१.

त्यासाठी तपासणीचं वजन विकत मिळतं. अण्णांनी विकत घेतलं नाही. "पाचशे ग्रॅम म्हणजे पाचशे ग्रॅम" असं म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एक रात्रीपुरतं लोखंडी वजन आणलं, त्याला तारेचा हूक केला आणि मध्यरात्रीपर्यंत स्क्रूचा अष्टमांश आटा इकडं, षोडशांश आटा तिकडं करत बसले. वजन उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. अण्णा तृप्त. दुसऱ्या दिवशी स्पर्धेत पंचांनी त्यांचं वजन लावलं. खट्. दुसऱ्यांदा खट्. तिसऱ्यांदाही.

अण्णा घरी आले ते थेट दुकानात. अपमानाची बाब त्यांनी बाजूला ठेवली. बँकेतला जुना माणूस जागा झाला होता. त्यांच्या ट्रिगरनं वाण्याचं वजन पेललं होतं आणि पंचांचं पेललं नव्हतं, म्हणजे वाण्याचं वजन हलकं होतं, म्हणजे गल्लीला इतकी वर्षं साखर कमी मिळत होती. हे त्यांनी भर दुकानात, गिऱ्हाईक असताना, सिद्ध करून दाखवलं. वाण्यानं आधी कानावर हात ठेवले, मग वजन बदललं. पिस्तुलाच्या ट्युनिंगमधून निघालेला हा आजवरचा एकमेव सार्वजनिक लाभ, आणि गल्लीतल्या बायका अण्णांना यासाठी मानतात. नेमबाजीत ते काय करतात, याची त्यांना कल्पना नाही.

घरात मात्र एवढा मान नाही. पिस्तूल उघडायचा मुहूर्त रविवारी सकाळी, डायनिंग टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. स्टीलच्या वाट्यांमध्ये स्क्रू मापाप्रमाणे लावलेले. वहिनी स्वयंपाकघरातून विचारतात, "चटणीची वाटी कुठली नि तुमची कुठली, एवढं सांगा." एकदा ट्रिगरची एक स्प्रिंग, तांदळाच्या दाण्याएवढी, टण्णकन उडाली. त्यानंतर दोन दिवस घरात केर काढायला बंदी होती. तिसऱ्या दिवशी काढलेला केर पिठाच्या चाळणीतून चाळला गेला. चाळण कुणाची, यावर जे बोलणं झालं ते इथं देत नाही. स्प्रिंग अण्णांच्याच बनियनमध्ये अडकलेली निघाली.

जोडणी पूर्ण झाल्यावर कधीकधी एखादा बारीकसा तुकडा वाटीत उरतो. त्यासाठी वेगळी डबी आहे. तिच्यावर अण्णांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: 'जादा माल'.

उद्यमनगरचा प्रसंग त्यांच्या तोंडूनच ऐकावा असा. ट्रिगरवर बोट टेकतं तो चपटा तुकडा त्यांना दोन मिलिमीटर पुढं हवा होता. ऑइल इंजिनाच्या पार्टपासून काहीही बनवून देणारी जागा, म्हणून ते एका लेथवाल्याकडं गेले. मिस्त्रीनं नमुना हातात घेतला, उलटासुलटा केला. "कशाचा हो पार्ट?" अण्णा सहज म्हणाले, "पिस्तुलाचा." मिस्त्रीनं नमुना परत दिला आणि शटर अर्धं खाली ओढलं. मग अण्णांनी क्लबचं ओळखपत्र काढलं, नियमपुस्तक काढलं, स्वप्नील कुसाळेचा पॅरिस ऑलिंपिकमधला, ब्राँझ पदकासह, कापून ठेवलेला फोटो काढला (कुसाळेचा खेळ रायफलीचा, पण वेळ निभावून न्यायची होती). हे खेळाचं आहे, दाबलेल्या हवेवर चालतं, ४.५ मिलिमीटरचा छर्रा कागदाला भोक पाडतो आणि थांबतो, असं सगळं समजावलं. मिस्त्रीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हवंचंच हाय न्हवं? मग पंक्चरवाल्याकडं न्या की."

हवेच्या सिलिंडरला मात्र अण्णा हात लावत नाहीत. त्यात २०० बारच्या आसपास दाब असतो, गाडीच्या टायरच्या शंभरपट. त्याच्यावर मुदत छापलेली असते आणि मुदत संपली की तो बाद. ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस अगदी नावापुरतं, शिलाई मशीनचं तेल अजिबात नाही, नळीतून अधूनमधून नमद्याची गोळी, घामाचा हात लागला की कोरड्या फडक्यानं पुसणं. खरी निगा ती एवढीच आणि ती अण्णांइतकी नेटकी रेंजवर कुणाची नसते. इथंच थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण निगा पाच मिनिटांत होते आणि रविवार लांब असतो.

सर रागावले की अण्णा टोकियो ऑलिंपिक काढतात. मनू भाकरच्या पिस्तुलानं तिथं भर पात्रता फेरीत दगा दिला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली, हे तर खरंच आहे. "यंत्र दगा देतं, सर!" त्यावर सर पॅरिस काढतात: तीच मनू, दोन ब्राँझ. शिवाय तुर्कस्तानचे युसूफ डिकेच, वय ५१, साधा चष्मा, एक हात खिशात, मिश्र सांघिक प्रकारात रौप्य. अण्णांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांचं निरीक्षण असं की, डिकेच यांनी खिशातल्या हातात नक्की ॲलन की धरली असणार.

मागच्या महिन्यात रेंजवरच्या एका अकरावीतल्या मुलीचं पिस्तूल सर्व्हिसिंगला गेलं होतं. सरांनी अण्णांना विचारलं, तुमचं देता का दहा छर्ऱ्यांपुरतं? अण्णांचं मन मोठं. पण देताना त्यांनी पिस्तुलाच्या सगळ्या व्याधी तिला सविस्तर सांगितल्या. ट्रिगर दुसऱ्या टप्प्यात घसरतो, डावीकडं ओढतं, ग्रिप अंगठ्यापाशी अजून कच्ची आहे. मुलीनं मान डोलवली, पिस्तूल उचललं आणि दहा छर्रे मारले. १०० पैकी ९६.

रेंजवर शांतता. सगळे अण्णांकडं बघताहेत. सरांच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांनी आता तरी, असा भाव. अण्णांचा चेहरा मात्र उजळला होता.

"बघितलं? बघितलं ट्रिगर कसा बसलाय ते?"

"बसलाय ना?" सर घाईनं म्हणाले. "मग आता त्याला हात लावू नका. आहे तसंच राहू दे."

"छे! असं कसं? हे तर हिच्या हाताला बसलंय. म्हणजे इतके दिवस मी हिच्यासाठी ट्युनिंग करत होतो." त्यांनी मोठी पेटी उघडली, व्हर्नियर काढलं, कोरा कागद टेबलावर पसरला. "पोरी, जरा पंजा ठेव बघू इथं, बोटं फाकून. तुझ्या नि माझ्या हातात जेवढा फरक निघेल, तेवढी लांबी भरून टाकतो."

मुलीनं सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "ठेव बाई. आज रविवारच आहे."