जीपजीर्णोद्धारमीमांसा

दारात चारही चाकांना ताकद देणारी जुनी जीप उभी आहे आणि खात्यात काही लाख रुपये आहेत. ते रुपये त्या जीपच्या पोटात घालावेत, की तिला निरोप देऊन दीडशे अश्वशक्तीची नवी गाडी आणावी? या एका प्रश्नापायी मित्र बोलेनासे झाले आहेत, नवरा-बायकोंनी एकमेकांना वहीतले आकडे दाखवले आहेत, आणि तरीही विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी आमच्या वाचनात आलेली नाही. विद्यापीठे अशा विषयांकडे वळत नाहीत, कारण त्यांना चिखल आवडत नाही. सबब हे काम आमच्याकडे आले.

वादात संप्रदाय दोन, प्राच्य आणि नव्य. प्राच्यांकडे एम.एम. 540, जुनी सीजे, जिप्सी किंवा सैन्याच्या लिलावातून आलेले काहीतरी असते. नव्यांनी 2 ऑक्टोबर 2020 नंतर महिंद्रांची नवी थार घेतलेली असते, किंवा घ्यायची म्हणून निदान रंग तरी ठरवलेला असतो. (रंग आधी ठरतो, हप्ता नंतर. यावर स्वतंत्र प्रबंध होईल.) गुरखावाले आणि जिम्नीवाले हे नव्यांचेच पोटभेद. त्यांची भांडणे मुख्यतः आपसांत असल्याने त्यांना वेगळे मोजण्याचे कारण नाही.

आता थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप 2.2 लिटरच्या पेट्रोल इंजिनातून 60 अश्वशक्ती काढायची. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिस जीप मुंबईत माझगावला जुळवायला घेतली. पुढे डिझेल आले, प्यूजोच्या परवान्यावरचे 2112 सीसीचे इंजिन एम.एम. 540 मध्ये बसले, आणि शक्ती किती झाली? साठाच्या आसपासच. 1985 ची पहिली जिप्सी तर 970 सीसीची, 45 अश्वशक्तीची. म्हणजे फौजदार, वनरक्षक, तहसीलदार, निवडणुकीच्या मतपेट्या आणि पश्चिम महाराष्ट्रातली वडाप नावाची प्रवासी वाहतूक, हे सगळे कित्येक दशके साठ घोड्यांवर निभावले. त्या वडापात माणसे किती बसत, हा आकडा आम्ही देत नाही. शास्त्रात अतिशयोक्तीला जागा नसते.

नव्यांचा पूर्वपक्ष असा: डोंगर चढायला ताकद लागते, म्हणून जितकी ताकद जास्त तितका डोंगर सोपा. याचे खंडन शाळेतल्या गणिताने होते. दीड टनाची गाडी 30 अंशांच्या चढावर ताशी 5 किलोमीटर वेगाने न्यायची, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती साधारण 10 किलोवॉट भरते, म्हणजे 14 अश्वशक्ती. चिखल, टायर आणि गिअरपेटीतले घर्षण यांच्या नावाने ती दुप्पट धरा. अठ्ठावीस झाली. साठातले बत्तीस घोडे अजून मोकळेच आहेत. आणि 30 अंश हा आकडा कागदावर गरीब दिसत असला, तरी आपल्या कुठल्याही घाटातला डांबरी रस्ता त्याच्या जवळपासही जात नाही. तेवढ्या चढावर चालकाला समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसते.

मग गाडी चढवते कोण? गिअरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा, आखूड दांडा. तो ‘लो’मध्ये टाकला की चाकांपर्यंत पोहोचणारा पीळ सव्वादोन ते अडीचपट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. हे प्रमाण जुन्या जीपमध्ये जे होते, जवळजवळ तेच आज नव्या थारमध्ये आहे. घोडे साठाचे दीडशे झाले, दांडा होता तिथेच राहिला. उलट चिखलात चाक गरगरते आणि गाडी जागची हलत नाही, तेव्हा कमी पडलेली असते ती पकड. तिथे आणखी ताकद ओतली तर फक्त खड्डा खोल होतो.

उरलेले नव्वद घोडे मग करतात काय? ते द्रुतगती मार्गावर नोकरी करतात. ताशी शंभरला गाडी स्थिर ठेवणे, ट्रकला झटकन मागे टाकणे, मे महिन्यात भर दुपारी वातानुकूलन चालवत खंडाळा चढणे, ही त्यांची कामे, आणि ती ते चोख करतात. म्हणजे रानात जाण्यासाठी म्हणून घेतलेली ताकद मुळात रानापर्यंतच्या रस्त्यासाठी असते. हे विधान नव्यांच्या मेळाव्यात करून पाहिले असता चहा लवकर संपवण्यात येतो.

परंतु प्राच्यांनी एवढ्यात गुलाल उधळू नये. न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर: धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी आहे. जुनी डिझेल जीप डोंगर चढत असताना हे अनुमान तपासावे. धूर काळा असेल, तर डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणजे जळायला हवे होते ते धड जळलेले नाही. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल, तर डिझेल पेटलेलेच नाही. पांढरा असून गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरते आहे. निळा असेल, तर ऑईल जळते आहे, रिंगा गेल्या. कोणताही रंग घ्या, जितका धूर अधिक, तितका पाहिजे तो अग्नी कमी. प्राचीन नैयायिकांपुढे डिझेल इंजिन नव्हते, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आजचे नैयायिक म्हणजे गॅरेजातले मिस्त्री. ते रंग पाहून दुरुस्ती ‘हाफ इंजिन’ची की ‘फुल इंजिन’ची हे जागच्या जागी सांगतात, आणि त्यांच्या निगमनाचा खर्च आपण देतो.

येथून आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. जुन्या जीपचा मालक सुधारणेला सुरुवात नेहमी टायरपासून करतो. 29 इंचांचे काढून 33 इंचांचे मड टायर घालतो. व्यास चार इंच वाढला, पण आस जमिनीपासून उचलला गेला फक्त दोन इंच, कारण उरलेले दोन आसाच्या वर गेले. परीघ वाढल्याने गाडी प्रत्यक्षात शंभरने धावत असताना काटा 88 दाखवतो, आणि त्याच हिशेबाने चाकाची ओढही घटते. म्हणजे ताकद वाढवण्याच्या मार्गातले पहिले पाऊल ताकद कमी करणारे आहे. पुढे हे टायर वळताना मडगार्डला घासतात, म्हणून पाटे उंच करायचे. पाटे उंच झाले की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस जातो. स्टेअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो, स्टेअरिंगला खेळ येतो, जड टायरमुळे ते फिरता फिरत नाही, म्हणून पॉवर स्टेअरिंग. जड चाके थांबेनात, म्हणून पुढे डिस्क ब्रेक. ओढ कमी पडते, म्हणून बोलेरोचे इंजिन. ते इंजिन क्लचला झेपत नाही, नवा क्लच गिअरपेटीला झेपत नाही, आणि शेवटी सगळा राग मागच्या आसातल्या क्राऊन-पिनियनवर निघतो.

एका कारणासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, आणि शेवट कुठेच नाही, या दोषाला तर्कशास्त्रात अनवस्था म्हणतात. कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रींनी हाच सिद्धान्त आम्हांला कमी शब्दांत सांगितला: “मालक, तुम्ही टायर तेवढं मोठं घाला. बाकीचं काम आपोआप निघतंय.”

या साखळीच्या टोकाला एक जुना तात्त्विक प्रश्न उभा असतो. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस का, चाके का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अडचणीत येतो. ज्या जीपचे इंजिन बोलेरोचे, आस सैन्याच्या भंगारातले, हुड नवे आणि बॉडी पत्रा कापून पुन्हा घडवलेली, ती जीप आजोबांचीच का? नागसेनाच्या मते रथ हे केवळ एक नाव. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे उत्तर अधिक ठाम आहे. तेथे ओळख चेसिसवर कोरलेल्या नंबरात असते. त्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून उमटलेला छाप दाखवला की आत्मा सिद्ध झाला. पाठीमागची दोन हजार वर्षांची चर्चा त्या पेन्सिलीने मिटवली, आणि याचे श्रेय खात्याला कोणी देत नाही.

पण हेच खाते देहाच्या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीत उतरलेला तपशील मूळ रूपापासून दूर जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच जातीचे इंजिन परवानगी घेऊन बदलता येते, वाटेल ते नाही. पुढचा भक्कम लोखंडी बुल बार, जो प्राच्य आणि नव्य दोघांनाही सारखाच प्रिय आहे, त्यावर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले. शिवाय वय. पंधरा वर्षे झाली की योग्यता तपासणी, हरित कर आणि फेरनोंदणी. तिचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 झाले, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000. म्हातारपण महाग असते, हे सरकारने आकड्यांत मांडून दाखवले आहे.

नवी गाडी तरी निर्वेध आहे का? तिच्यात एक मजेदार विरोधाभास दडलेला आहे. बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सतत संथ चालली तर तो तुंबतो, आणि तुंबला की तिला महामार्गावर नेऊन काही वेळ चांगली पळवावी लागते, तेव्हा आतली काजळी जळून जाते. म्हणजे रानासाठी घेतलेली गाडी जास्त काळ रानातच राहिली तर आजारी पडते आणि हवापालटासाठी तिला रस्त्यावर न्यावे लागते. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला हे दुखणे नाही. ते एकदा सुरू झाले की त्याला विजेचीही फारशी गरज पडत नाही, आणि बॅटरी मेली तर चार माणसे धक्का मारतात. नव्या गाडीत एखादा सेन्सर रुसला, तर ताम्हिणी घाटात धक्का मारायला माणसे मिळतील, संगणक लावणारा मिळणार नाही.

स्नॉर्कलवर दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हवा ओढणारी ही नळी छपरापर्यंत जाते आणि पुण्यातल्या अनेक गाड्यांना ती गणपतीच्या पाचव्या दिवशीच्या पावसासाठी बसवलेली असते. तिचा उपयोग खरा आहे, नाकारत नाही. पण खोल पाण्यात आधी मरतो तो आसातला डिफरेन्शियल. चालून तापलेला तो लोखंडी गोळा थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते, ब्रीदरच्या भोकातून पाणी आत ओढले जाते आणि ऑईलचे ताक होते. उपाय म्हणजे ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड वर आणून बांधणे. हे काम स्वस्तात होते, बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही थट्टा आवरती घेतो. नोव्हेंबर 2020 मध्ये नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले. जुन्या जीपला अशा चाचणीत काय मिळाले असते, हे तिचा थेट छातीवर रोखलेला स्टेअरिंगचा दांडा पाहिल्यावर विचारावेसे वाटत नाही. एअरबॅग, एबीएस, मजबूत पिंजरा या गोष्टी कितीही पाटे बदलून जुन्या गाडीत येत नाहीत. मुलांना मागे बसवून दर महिन्याला नगर-पुणे करायचे असेल, तर तिथे शास्त्रार्थ थांबतो. नवी घ्या.

तेव्हा सिद्धान्त असा. चेसिस गंजलेला नसेल आणि गाडी अधूनमधून माती तुडवायलाच लागणार असेल, तर जुनी ठेवावी, पण तिला वाढवू नये, पूर्ववत करावी. ब्रेक, किंगपिनचे बुश, सील, क्रॉस, मूळ मापाचे चांगले टायर, आणि ती ब्रीदरची नळी. खर्च दिसणार नाही, गाडी चालेल. रोजचा वापर आणि लांबचा रस्ता असेल तर नवी घ्यावी, आणि निदान हमीचा काळ संपेपर्यंत तिला हात लावू नये. डोंगर चढण्यासाठी म्हणून जास्त ताकदीची गाडी घेणे मात्र अशास्त्रीय आहे. शेजाऱ्यांसाठी घ्यायची असेल तर तो वेगळा शास्त्रविषय आहे आणि त्यात आमचा अधिकार नाही.

आणि यांपैकी काहीही करण्यापूर्वी एक प्रयोग करा. पुढच्या वेळी चिखल किंवा सैल वाळू आली की चारही टायरमधली हवा तिशीवरून अठरा-वीस पीएसआयवर आणा. टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, आणि पैसा एकही लागत नाही. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची असते, म्हणून पंप सोबत न्या.