डर्ट बाइक सोडताना : नाशिककर नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शक

डर्ट बाइक चालवायला शिकवणारे नाशकात पुष्कळ भेटतात. फुटरेस्टवर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी आवळा, नजर पुढच्या चाकावर नको, पुढच्या वळणावर ठेवा. एवढं कोणीही एका रविवारी शिकवतो, वर मिसळही खायला घालतो. सोडायला शिकवणारा मात्र एकही नाही. ज्यांनी सोडली ते त्याविषयी बोलत नाहीत आणि जे बोलतात त्यांनी सोडलेली नसते. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न. 'नवशिके' म्हणजे सोडण्यात नवशिके, हे लक्षात घ्यावं. बारा-पंधरा वर्षं चालवणारे लोकही या विषयात बालवाडीतच असतात.

साहित्य

एक डर्ट बाइक, शक्यतो हप्ते फिटलेली. एक एक्स-रे, जुना चालेल. घरातलं एक माणूस, जे दर रविवारी सकाळी पोह्यांची ताटली जरा जोरात टेबलावर ठेवतं. आणि एक मित्र, ज्याच्या दारात छोटा हत्ती उभा असतो.

शेवटच्या घटकाला कमी लेखू नका. खऱ्या मोटोक्रॉस गाडीला हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो, नंबर प्लेट नसते, त्यामुळे ती रस्त्यावर आणता येत नाही. ट्रॅकपर्यंत ती टेम्पोतूनच जाते. म्हणजे या खेळाचा खरा आधारस्तंभ तो छोटा हत्तीवाला. तो लग्न करून पुण्याला गेला की चार जणांचं रायडिंग एकाच दिवशी सुटतं आणि चौघेही पुढे सांगत राहतात, 'आम्ही विचारपूर्वक सोडलं.'

'मुलापुरती एक छोटी घेऊ, कॉलनीतच फिरवेल' असा विचार करणाऱ्या वडिलांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ वाचावं. 2019 च्या दुरुस्तीत ते आलं. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, शिवाय पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. अशा वडिलांसाठी हे मार्गदर्शक इथेच संपलं.

पार्श्वभूमी, वाद घालताना उपयोगी पडेल इतकीच

घरचे म्हणतील, हे काय नवीन खूळ. त्यांना सांगा, खूळ जुनं आहे. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशकातच भरायची, राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्याही इथे झाल्या. आधीची पिढी आरएक्स 100 चं सायलेन्सर वर उचलून, मागे खोल नक्षीचं टायर टाकून, मुरमाच्या ढिगाऱ्यावरून उड्या मारायची. मग 2011 मध्ये हीरोने इम्पल्स आणली. ती काळाच्या इतकी पुढे होती, की बंद पडल्यावर सगळ्यांना आवडू लागली. 2016 मध्ये हिमालयन आली, 2019 मध्ये एक्सपल्स 200 लाखाच्या आसपास मिळू लागली, आणि गंगापूर रोडवरच्या मिसळीच्या बागांबाहेर चिखलाने माखलेले गुडघाभर बूट दिसू लागले. सोडण्याचा प्रश्नही तेव्हापासून वाढला. गाडी ज्याला परवडत नाही, त्याला ती सोडावी लागत नाही.

निर्णय कधी घेऊ नये

कॉलर बोन गळ्यातल्या झोळीत असताना घेऊ नये. या खेळात हे हाड फार लवकर जातं, कारण माणूस खांद्यावर पडतो आणि सगळा मार त्या बोटभर जाडीच्या हाडाकडे सरकतो. ते जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात रुग्ण गाडी विकायचं ठरवतो, तिसऱ्यात नुसतीच झाकून ठेवायचं ठरवतो, सहाव्यात उशीवर पडल्या पडल्या त्याचं उजवं मनगट आपोआप पिळायला लागतं. अस्थिरोगतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये केलेले संकल्प ग्राह्य धरू नयेत. ते गाडीविरुद्ध नसतात, त्या दुखण्याविरुद्ध असतात, आणि दुखणं थांबलं की संकल्पाचं कामही संपतं.

टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, गाडी पहिल्यांदा नीट उतरली, त्या संध्याकाळीही घेऊ नये. उडी मारताना गाडी उताराला उतरली तर सस्पेन्शन सगळं गिळून टाकतं, सपाटीला उतरली तर तेच मनगटांना आणि कमरेला गिळावं लागतं. ज्या दिवशी उतार सापडला, त्या दिवशी माणसाला आपण अमर आहोत असं वाटतं. त्या अवस्थेत कोणत्याही कागदावर सही करू नये, गाडीच्या तर नाहीच.

पावसाळ्यात तर मुळीच नाही. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसून चाक जाम करते, गाडी ढकलत बांधापर्यंत आणावी लागते, आणि तेव्हा घेतलेला निर्णय शेतकरी होण्याचाही असू शकतो.

'या सिंहस्थात सोडतो' असं म्हणणारेही आहेत. ते 2015 च्या सिंहस्थातही हेच म्हणत होते.

मग घ्यावा कधी? एखाद्या मंगळवारी. गाडी धुतलेली, अंगात काही मोडलेलं नाही, घरात भांडण नाही, पगार झालेला. अशा दिवशी पार्किंगमध्ये जाऊन गाडीजवळ पाच मिनिटं उभं राहा. किक मारावीशी वाटली तर वर या आणि जेवा. वाटली नाही तर पुढचा भाग वाचा.

पुरावे

इथे बहुतेक नवशिके घसरतात. सोडू नये यासाठी ते जे साक्षीदार आणतात, ते सगळे डकार रॅलीचे असतात.

पहिला सी. एस. संतोष. 2013 मध्ये अबुधाबीच्या वाळवंटात त्याच्या गाडीने पेट घेतला, तो भाजला. 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. दुसरा के. पी. अरविंद. 2017 आणि 2018 मध्ये जायबंदी होऊन बाहेर पडला, 2019 मध्ये पूर्ण केली, सदतिसावा. (पुढे तो कन्नड 'बिग बॉस'मध्ये उपविजेता झाला. हा मार्ग सर्वांनाच खुला नसतो.) तिसरा शोरनूरचा हरिथ नोआ. 2023 मध्ये पहिल्याच टप्प्यात पडून मणक्याला मार बसला, 2024 मध्ये आपल्या वर्गात पहिला आणि एकूण अकरावा. गोष्टी खऱ्या आहेत आणि रविवारी रात्री ऐकायला फारच गोड लागतात. संतोषची 2021 ची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. सौदी अरेबियात चौथ्या टप्प्यात तो पडला, त्याला हेलिकॉप्टरने रियाधला नेलं आणि डॉक्टरांनी कृत्रिम कोमात ठेवलं.

आता उलटतपासणी. त्यांच्या मागे कंपनीचा संघ होता, फिजिओ होता, गाडीवर मदतीचं बटण होतं, वर हेलिकॉप्टर होतं. तुमच्या मागे छोटा हत्तीवाला आहे आणि हरसूलच्या अलीकडे त्याच्या मोबाइलला रेंज नाही. ते पडले की त्यांचं काम थांबतं. तुम्ही पडलात की सातपूरच्या कंपनीतली पहिली पाळी चुकते, रजा बिनपगारी होते आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतो, 'काय भाऊ, सर्कस कशी चाललीय?' संतोषने सोडावं की नाही हा संतोषचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या वहीत उतरवून मार्क मिळत नाहीत.

विम्याची पॉलिसी काढा आणि 'मर्यादा' हा भाग वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या बसत नाहीत. अपघात विमा वेगळा असेल तर त्यातही साहसी खेळांचं कलम शोधा. हे वाचन बायकोच्या किंवा नवऱ्याच्या समोर, मोठ्याने करावं. एवढ्यावरच कित्येकांचं उरलेलं मार्गदर्शक वाचायचं राहून जातं.

भीतीची परीक्षा

लोक म्हणतात, भीती वाटायला लागली की सोडावं. माझं मत अगदी उलट आहे. भीती वाटते तोवर खुशाल चालवा. गेटवर रांगेत उभं असताना तोंडाला कोरड पडत असेल, डबल जंपआधी पोटात गोळा येत असेल, तर तुमचं यंत्र ठीक चाललंय. भीती तुमच्याकडून नेक ब्रेस घालून घेते, चेन तपासून घेते, पुढचा खाली पडलेला असताना पिवळा झेंडा बघायला लावते.

सोडायची वेळ येते ती भीती गेल्यावर. ती गेल्याची लक्षणं बारीक असतात. छातीचं गार्ड टेम्पोतच राहतं, 'दोनच राउंड मारायच्यात' म्हणून. हात फोरआर्मपर्यंत दगड झालेले असतानाही शेवटची एक फेरी होते, आणि अपघात त्या शेवटच्या फेरीतच होतो, हे कुठल्याही ट्रॅकवरचा मार्शल सांगेल. दुसरं लक्षण, भीती चुकीच्या जागी जाऊन बसते. नाशिक पोलिसांनी 15 ऑगस्ट 2021 पासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं होतं. ट्रॅकवर पंधरा हजारांचं हेल्मेट घालणारे काही वीर त्या दिवसांत कॅनमध्ये पेट्रोल आणायला स्कूटरवरून बोडक्याने गेले आणि पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून वेळ मारून नेऊ लागले. अशा रायडरने गाडी त्याच आठवड्यात विकावी. स्कूटरही विकली तर उत्तम.

आधी डोंगर सोडा

गाडी सोडायची की नाही हे ठरेना, तर निदान डोंगर सोडून बघा. रामशेजजवळचं बोरगड 2008 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. अंजनेरीवर गिधाडं घरटी करतात, आणि तिथल्याच नावाची एक कंदीलपुष्पाची जात त्या कड्यांवर उगवते. पावसाळ्यात सड्यावरची माती चार बोटंसुद्धा जाड नसते. खोल नक्षीचं टायर त्यावरून एकदा गेलं की जी चरी पडते, ती पुढच्या पावसात ओहळ होते. तुमच्या व्हिडिओत ते धाडस दिसतं, खालच्या वाडीतल्या बाईला ते पाण्याच्या वाटेवर आलेल्या गाळात दिसतं. एक्झॉस्टचा आवाज तर सगळ्या दरीला ऐकू जातो.

तेव्हा जेसीबीने बनवलेल्या मुरमाच्या बंदिस्त ट्रॅकवरच जायचं, असा नियम वर्षभर पाळा. कुणाच्या तरी पडीक प्लॉटवर असा ट्रॅक सापडतो. काही दिवसांनी त्या प्लॉटला एनए मिळतं आणि टेबलटॉपच्या जागी रो हाऊसची जाहिरात लागते. कितीतरी रायडरांचा निर्णय असा परस्पर बिल्डरने घेतलेला आहे.

अर्धवट सोडण्याचे प्रकार

काशीला जाऊन आलं की आवडीची एक वस्तू सोडायची रीत आहे, आणि घरोघरचे आजोबा त्यासाठी नेमकं कारलं निवडतात. रायडरही तेच करतो. 'मी रेसिंग सोडलं, आता फक्त ट्रेल.' ट्रेल सोडल्यावर 'आता फक्त सापुताऱ्यापर्यंत.' मग अडीचशे किलोची अ‍ॅडव्हेंचर बाइक येते, तिच्यावर तीन डबे लागतात, आणि ती सिन्नर फाट्याच्या पुढे खडी दिसली की थांबते. हा प्रकार वाईट नाही, खर्चिक आहे. त्याला सोडणं म्हणू नये एवढंच.

जरा बरा प्रकार म्हणजे मार्शल होणं. उन्हात टोपी घालून वळणावर उभं राहायचं, पडलेल्याच्या मागे पिवळा झेंडा हलवायचा, फेरीने मागे पडलेल्याला निळा दाखवायचा. एका मोसमात इतके लोक पडताना दिसतात की बऱ्याच जणांचं मन आपोआप निवतं. काहींचं पेटतं. ते पुढच्या वर्षी लायसनचा फॉर्म आणि डॉक्टरचा दाखला घेऊन रांगेत दिसतात. त्यांनी हे मार्गदर्शक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावं.

कृती

निर्णय झाला असेल तर आधी घरी सांगू नका. घरचे पेढे आणतात आणि मग मागे फिरणं अवघड होतं. आधी मेकॅनिकला सांगा. तो एक अक्षर न बोलता कार्ब्युरेटर साफ करत राहील आणि शेवटी विचारील, 'कितीला देताय?' भद्रकालीपासून सातपूरपर्यंत ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचते, जाहिरातीचा खर्च वाचतो.

बूट विकू नका, तुमच्या मापाचा माणूस मिळणार नाही. पडलेलं हेल्मेट तर कुणाला फुकटही देऊ नका. आतला थर एकदा दबला की ते फक्त टोपी असतं. गाडी रस्त्यावरची असेल तर आरसी, पीयूसी आणि नाव बदलण्याचे फॉर्म तयार ठेवा. ट्रॅकची असेल तर खरेदीची पावती शोधा. ती सापडत नाही, पण शोधताना जुने एक्स-रे सापडतात, ते गिऱ्हाइकासमोर ठेवू नका.

गिऱ्हाईक येईल. एकोणीस-वीस वर्षांचं असेल, मागे मोटारसायकलवर काळजीत पडलेले वडील असतील. वडिलांना खुर्ची द्या, चहा द्या, विम्याचं कलम सांगा. ट्रायल मुलाला मारू द्या, हेल्मेट घालून, पहिल्या गिअरमध्ये. 'थांब, तुला दाखवतो' असं म्हणून स्वतः गाडीवर बसू नका. आजवर कित्येक सौदे तिथेच मोडले आहेत.