तिसऱ्या खणातील केबल-मंडळींना अनावृत पत्र

प्रति,
समस्त केबल, चार्जर व अडॅप्टर मंडळी,
मुक्काम : टीव्हीखालचे कपाट, खण तिसरा

विषय : विनापरवाना वास्तव्य व ओळख पटवण्याबाबत

स. न. वि. वि.

घरातील रहिवाशांच्या वतीने कळवण्यात येते की, दिवाळीच्या साफसफाईत आपला खण अर्धाच उघडला. फटीतून फूटपट्टी घालून हिसडा दिल्यावर आपण सगळे एकाच गुंत्यात वर आलात. बंद पडलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची मिनी यूएसबी, डीव्हीडी प्लेअरची लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची वायर, व्हीजीएचे निळे डोके, नोकियाचा जाड पिनचा चार्जर आणि बारीक पिनचाही. त्या वेळी झालेला संवाद असा :

“अहो, हा बारीक पिनचा टाकू का?”

“असू दे गं. लागतो कधीतरी.”

ज्या फोनला तो लागला असता, तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये केव्हाच गेला. चार्जर तेवढा वारसाहक्काने राहिला.

आपल्यातले सर्वांत गूढ सदस्य म्हणजे काळे अडॅप्टर. ते कोणत्या यंत्राचे, याचा अंगावर कुठेही उल्लेख नाही. भिंग घेतल्यावर दिसते ते एवढेच : इनपुट १०० ते २४० व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट, १ अँपियर. शेजारी चौकोनात चौकोन, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंग नको. मग घराचे चित्र, म्हणजे फक्त घरात वापरा. आणि शेवटी चाकांच्या कचरापेटीवर मारलेली फुली. हिचा अर्थ, केरात टाकू नका. मग टाकायचे कुठे, हे लिहायला तेवढ्या जागेत वाव नसावा. रहिवाशांनी निमूटपणे आज्ञा पाळली आणि आपली सोय खणात झाली.

त्यातून आपली गोल पिन राउटरमध्येही बसते आणि सेट-टॉप बॉक्समध्येही. बाहेरून साडेपाच मिलिमीटरची तीच पिन ९ व्होल्टच्या अडॅप्टरला असते, १२ च्याही असते. बसली म्हणजे चालली, असे समजणाऱ्याला पुढे जळका वास येऊ शकतो.

आपल्या घराण्याचा इतिहास रहिवाशांना अगदीच ठाऊक नाही, असे नाही. कीबोर्डला एक खोबण, प्रिंटरला दुसरी, मोडेमला तिसरी, या जाचातून सुटका व्हावी म्हणून यूएसबी जन्माला आली. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत पुढे होते अजय भट्ट, मूळचे बडोद्याचे, तिथल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. गायकवाडांच्या नात्याने मराठी माणसाने इथे थोडी छाती फुगवायला हरकत नाही. मात्र हीच यूएसबी एकदा घालून, उलटी करून, पुन्हा सुलटी करून मगच का जाते, हा प्रश्नही भट्टांनाच ऐकावा लागला. त्यांचे म्हणणे सरळ आहे : दोन्ही बाजूंनी बसणारी करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट, आणि वस्तू स्वस्त नसती तर ती कोणी स्वीकारलीच नसती.

थोडक्यात, आपला वंश एकीच्या नावाने सुरू झाला आणि पुढे त्याला मिनी, मायक्रो असे फाटे फुटत गेले. युरोपात २००९ साली मोबाइलचे तीसहून अधिक तऱ्हांचे चार्जर होते. कंपन्यांनी स्वखुशीने मायक्रो-यूएसबीवर यायचे कबूल केले. ॲपलने आपली पिन तशीच ठेवली, वर जोडतुकडा वेगळा विकला आणि २०१२ मध्ये लायटनिंग नावाची नवी पिन आणली. स्वखुशी तिथे संपली. युरोपीय संघाने शेवटी कायदाच केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून नवे फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन सी-टाइपवर आणले. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. ॲपलने आधी बरीच कुरकुर केली, पण सप्टेंबर २०२३च्या आयफोन १५ला सी-टाइप बसवलीच. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा युरोपातला कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन, असा तिथला अंदाज आहे. आपले तिसऱ्या खणातले योगदान त्यात धरलेले नाही. इकडे भारतीय मानक ब्युरोनेही सी-टाइपचे मानक काढून ठेवले आहे.

पर्यावरणाच्या नावाने २०२० मध्ये झालेला एक प्रयोगही इथे नोंदवला पाहिजे. आयफोन १२च्या खोक्यातून अडॅप्टर काढून टाकला. जुने आहेतच की घरात, असा युक्तिवाद होता. खोक्यात वायर मात्र ठेवली आणि तिचे दुसरे टोक सी-टाइप. वर्षानुवर्षे आयफोनबरोबर आलेल्या पाच वॉटच्या जुन्या अडॅप्टरात ते जातच नाही. म्हणजे जुना अडॅप्टर खणात राहिला आणि नवा विकत आणावा लागला.

आता मूळ तक्रार. सी-टाइप आली, सगळ्यांची तोंडे सारखी झाली, सुलट-उलट संपले. रहिवाशांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. मग कळले की फरक गेलेला नाही, आत जाऊन बसला आहे. दिसायला जुळ्या अशा दोन सी-टाइप वायरींपैकी एक ६० वॉटपर्यंतच वीज नेते. दुसरी, टोकात ओळख सांगणारी चिप असलेली, २४० वॉटपर्यंत. वेगाचेही तसेच. एकीतून फोटो धडाधड उतरतात. दुसरी २००० सालच्या यूएसबी २च्या चालीने रांगते. आयफोन १५च्या खोक्यात आली ती ही रांगणाऱ्या जातीची. काही चिनी फोन आपापल्या चार्जरवरच वेगाने भरतात, परक्या चार्जरवर गोगलगाय होतात.

कळस म्हणजे ट्रिमर. कित्येक स्वस्त ट्रिमरांना खोबण सी-टाइप, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरने ते चार्जच होत नाहीत. नवा चार्जर समोरून ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही आणि ती ओळख देणारे ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. किंमत म्हणाल तर नगण्य. त्यापायी जुनी, चपट्या तोंडाची वायर घरात सांभाळावी लागते. बारीक पिनचा चार्जर त्या मानाने सज्जन होता. तो आपल्या फोनलाच बसायचा, दुसऱ्याला बसतो असे सोंग करायचा नाही.

सबब, पुढील गोष्टींची दखल घ्यावी. प्रत्येक वायरीने आपले वॉट आणि वेग अंगावर छापून हिंडावे. यूएसबीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ६० आणि २४० वॉटची चिन्हे २०२१ मध्येच काढली आहेत, पण ती प्रमाणित वायरींपुरती. मोबाइलच्या दुकानात दोरीला टांगलेल्या मंडळींना कोण विचारतो? तोवर रहिवासी दवाखान्यातल्या चिकटपट्टीवर बॉलपेनने ‘राउटर, ९ व्होल्ट’ असे लिहून एकेकाला डकवत आहेत. ज्यांची ओळख पटणार नाही त्यांना भंगारवाल्याकडे दिले जाणार नाही, कारण तांब्यासाठी वायर जाळली की तिच्या पीव्हीसीच्या वेष्टणातून विषारी धूर निघतो. त्यांची रवानगी ई-कचरा नेणाऱ्यांकडे होईल. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था तो घरून नेते.

कळावे, लोभ कमी व्हावा, ही विनंती.

आपले नाइलाजाचे यजमान,
घरातील समस्त रहिवासी

ता. क. : गणपतीतल्या दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर आपल्यापैकीच कोणीतरी आहे. त्याने चिकटपट्टी संपण्यापूर्वी पुढे यावे.