कापा, पण शेवटचं कडवं सोडा

गाणं छोटं करायला बसलेला माणूस कात्री कुठं चालवतो, हे एकदा नीट बघा. सुरुवात तो ठेवतो, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची. धृपद ठेवतो, कारण टाळी त्यावरच पडते. मग स्क्रीनवरची पट्टी उजवीकडून ओढत आणतो आणि शेवटचं कडवं उडवतो. आपल्या अभंगात, आरतीत, लावणीत, पोवाड्यात लिहिणाऱ्याचं नाव नेमकं त्या शेवटच्या कडव्यात असतं. म्हणजे गाण्यातून सगळ्यात आधी जातो तो कवी.

जालना जिल्ह्याला तर हे अजिबात शोभत नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी ते इथं जन्मले. घरोघर म्हटली जाणारी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ त्यांची, शंकराची ‘लवथवती विक्राळा’ त्यांची, मारुतीची ‘सत्राणे उड्डाणे’ त्यांचीच. तिन्ही आरत्यांत रामदासांचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गणपतीच्या आरतीला कडवी तीनच आहेत, पण गणेशोत्सवात स्टेटसला आणि रीलला फिरणाऱ्या तुकड्यात पहिलं कडवं आणि पालुपद एवढंच उरलेलं असतं. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलेली पोरं देवळासमोर जो व्हिडिओ करतात, त्याच्या मागंही तोच तुकडा वाजतो. राजूर आणि जांब एकाच जिल्ह्यात. देव फोनमध्ये आला, कवी बाहेर राहिला.

दुर्गेच्या आरतीत नरहरी, विठोबाच्या आरतीत नामदेव, दत्ताच्या आरतीत एकनाथ, सगळे शेवटीच भेटतात. घाई असली की प्रत्येक आरतीचं पहिलं कडवं म्हणून पाच आरत्या उरकायच्या, ही सवय फोनच्या आधीची आहे, हे मान्य. पण तोंडी म्हणताना राहून गेलेलं कडवं दुसऱ्या दिवशी घरातली आजी म्हणायची आणि ते परत यायचं. फाईलमधून गेलेलं कडवं पुढच्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये गेलेलंच राहतं. ज्या पोराच्या कानावर फक्त तो तुकडाच पडलाय, त्याला आणखी दोन कडवी आहेत हे कळणार कसं?

कापण्याला माझा विरोध नाही. गाणं यंत्रात शिरलं त्या दिवसापासून ते कापलं जातंय. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या तबकडीसाठी गायल्या, तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम तीन मिनिटं होती. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात एखादा ख्याल ऐकलेल्या माणसाला विचारा, तीन मिनिटांत गवई अजून षड्जावर नीट टेकलेलाही नसतो. गौहर जान यांनी आलाप आवरला, ताना आवरल्या, आणि रेकॉर्ड संपताना स्वतःचं नाव मोठ्यानं, इंग्रजीत सांगितलं. त्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसांना आवाज कुणाचा ते कळायला हवं होतं. एवढ्याशा वेळातही त्यांनी शेवटी नावाला जागा ठेवली. रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबणारी बालगंधर्वांची पदंही तबकडीवर अशीच साडेतीन मिनिटांच्या आत बसली. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिथं गाणारा ठरवत होता.

सरकारनंही गाणी कापली आहेत, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. राष्ट्रगीत पूर्ण म्हटलं तर ५२ सेकंदांचं. काही प्रसंगी वाजणारं संक्षिप्त रूप साधारण २० सेकंदांचं, आणि त्यात पहिली आणि शेवटची ओळ घेतली आहे. शेवट सोडलेला नाही! १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीच्या दिवशी, राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं, तेव्हा मूळ गीतातली दोनच कडवी घेतली गेली. पण ते उघडपणे केलं. कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे, कडवी दोन, सगळं नावानिशी सांगून. कुणाला उरलेलं कडवं हवं असेल तर शोधायचं कुठं ते त्याला ठाऊक आहे.

आपल्याकडच्या कापाकापीत नेमकं हेच नसतं. डिसेंबर-जानेवारीत, गॅदरिंगच्या दिवसांत, भोकरदनला, परतूरला, मंठ्याला बसस्टँडजवळच्या कुठल्याही मोबाईल शॉपीत थोडा वेळ उभे राहा. एरवी मेमरी कार्डात गाणी भरून देणारा पोरगा या दिवसांत रात्रीपर्यंत गाणीच कापत असतो. एका कानात इयरफोन, डाव्या हाताचं बोट टेबलावर ठेका धरतंय, उजव्या हातात माऊस. समोर पेनड्राइव्ह घेऊन सर उभे. “सहावीचा डान्स आहे, तीन मिनिटांत बसव.” पोरगा पट्टी मागं-पुढं करतो. “सर, हे शेवटचं कडवं राहायलंय, घेऊ का उडवू?” “उडव, टाइम नाही.” उडालं.

त्या पोराला दोष देऊ नका. त्याच्या कानाला ताल कळतो, हाताला कसब आहे. कापलेल्या जागी ठेका तुटला तर त्याला स्वतःलाच सहन होत नाही, मग तो पुन्हा बसवतो. त्याला मिनिटं सांगितली जातात, कडवी कुणी सांगत नाही. आणि कडवी सांगायची जबाबदारी गाणं निवडणाऱ्याची आहे. पाचवी-सहावीच्या पोरांना मराठी कविता शिकवणारी माणसंच जर असं गाणं कापून घेत असतील, तर त्यांना मी थेट विचारीन: पुस्तकातल्या कवितेखालचं कवीचं नाव तुम्ही खोडाल का?

पाच मिनिटांच्या गाण्यातली दोन मिनिटं काढायला शेवटच्या कडव्याला हात लावावाच लागत नाही. गाणं उघडून बघा. आधी सुरुवातीचं म्युझिक, मग प्रत्येक कडव्याआधीचा वाद्यांचा तुकडा, प्रत्येक कडव्यानंतर दोन-दोनदा फिरणारं धृपद, शेवटी हळूहळू विरत जाणारा आवाज. एवढ्यातच भरपूर वेळ निघतो. केरव्याच्या आठ मात्रा बोटावर मोजायच्या आणि समेपासून समेपर्यंतच कापायचं. वाद्यांच्या तुकड्यात चार आवर्तनं असतील तर दोन काढली तरी नाचणाऱ्या पोराचा पाय चुकत नाही. मधेच, पाचव्या मात्रेवर कापलं तर चुकतो, आणि मग समोर बसलेल्या आयांनाही काहीतरी बिघडलं हे कळतं. गायक ओळ उचलण्याआधी श्वास घेतो. तो श्वास ओळीचाच भाग आहे, तो कापला की ओळ मध्येच दार ढकलून आल्यासारखी वाटते. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची नक्षी मोठी करून बघितली की आवाजाची रेघ मधल्या शून्याच्या रेषेला कुठं छेदते ते दिसतं. तिथं कापलं की ‘टक्’ वाजत नाही. दोन टोकं जोडताना थोडी एकमेकांवर चढवली की सांधा ऐकूही येत नाही. ऑडॅसिटी हे २००० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेलं सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं आणि त्यात हे सगळं होतं.

वाद्यांचे तुकडेही कुणीतरी जीव ओतून बांधलेले असतात, हे मला ठाऊक आहे. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांच्यासारख्यांनी उभा केलेला वाद्यमेळ अर्धा करताना मला वाईटच वाटेल. पण अर्धा केला तरी त्याची ओळख शिल्लक राहते. नाव असलेलं कडवं गेलं की काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून मी वाद्यांवर कात्री चालवीन.

आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही. एमपीथ्री हा प्रकार मुळातच कानाला फारसं न जाणवणारं बरंच काही वगळून बनतो. अशी फाईल उघडून, कापून पुन्हा एमपीथ्री केली की आणखी काही जातं. कापलेली परत कापली की आणखी. फाईल बारीक तुकड्यांची असते, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. त्या तुकड्यांच्या सीमेवरच कापणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांत गाणं पुन्हा दाबलं जात नाही. त्याहून बरं म्हणजे गाणं कापूच नये, ते कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं एवढंच सांगून ठेवावं. आयट्यून्समध्ये ही सोय होती. गाणं अख्खं राहायचं, ऐकू यायचं हवं तेवढंच. सोय बघायची तर अशी बघा.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. एमपीथ्री फाईलमध्ये गाण्याची माहिती लिहायची पहिली पद्धत १९९६ साली आली. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, साल ही सगळी माहिती ती फाईलच्या अगदी शेवटच्या १२८ बाइटमध्ये ठेवते. इथंही नाव शेवटीच! शेपूट छाटलं की गाण्याबरोबर ही पाटीही जाते. त्या जुन्या पाटीवर गीतकाराला जागाच नव्हती. पुढच्या पद्धतीत माहिती फाईलच्या सुरुवातीला आली, गीतकार आणि संगीतकार यांचे रकानेही मिळाले, पण पुष्कळ कटर अ‍ॅप नवीन फाईल करताना सगळे रकाने कोरे सोडतात. उरतो तो तारखेचा आणि आकड्यांचा ढीग. जिल्ह्यातल्या कुणाही माणसाच्या फोनमधला ऑडिओचा फोल्डर उघडा, आकड्यांच्या नावाची गाणी दिसतील.

आता १४ एप्रिल घ्या. जालन्यात, बदनापुरात, जाफराबादला मिरवणुकीत वामनदादा कर्डकांची गाणी वाजल्याशिवाय जयंती होत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा लहानपणी शाळेला मुकले, अक्षरं मोठेपणी शिकले, आणि पुढचं आयुष्य गावोगाव गात फिरले. ‘वामन’ हे नाव त्यांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात येतं. त्यांच्यामागं ना कंपनी होती ना जाहिरात, त्यामुळं गाण्यातली ती सही हाच त्यांचा ताबा. डीजेवाला एका गाण्यातून दुसऱ्यात उडी मारतो तेव्हा ती सही जाते, आणि आठवडाभरात तेच गाणं दुसऱ्याच कुणाच्या नावानं ऐकू येतं. परतूर तालुका १९८१ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्या अभंगातून शेवटची ओळ काढली, तर तो कुणाही संताचा म्हणून खपेल. जिच्या नावावर दुसऱ्याच्या घरचं दळणकांडणच होतं, तिचं तेवढं एक नाव आपण घड्याळ बघून पुसायचं?

कायदाही याबाबत गप्प नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला दोन हक्क देतं: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि आपल्या मानाला बट्टा लागेल अशी मोडतोड रोखण्याचा. हक्क विकले तरी हे दोन लेखकाकडंच राहतात. पण सहावीच्या डान्ससाठी कुणी कोर्टात जाणार नाही आणि जाऊही नये. हे आपसात मिटण्यासारखं काम आहे.

या हिवाळ्यात शॉपीत पेनड्राइव्ह देताना सरांनी, मॅडमनी एका चिठ्ठीवर लिहून द्यावं: पहिलं कडवं, शेवटचं कडवं, मधलं म्युझिक अर्धं, मूळ गाणं वेगळं ठेवणे. पोरानं कापलेल्या फाईलला नाव द्यावं ते गाण्याचं, कवीचं आणि घेतलेल्या कडव्यांचं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या कागदावर वर्गाचं नाव असतं, डान्स बसवणाऱ्या मॅडमचं असतं, मंडप देणाऱ्याचंही असतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ वाढवावी, गीतकाराची. ती वाचायला तिला चार सेकंद लागतील, आणि ते चार सेकंद म्युझिकमधून काढता येतात.