सागवान नाही!

घरात पाऊल टाकल्यावर ज्यांचा हात पाण्याच्या ग्लासाआधी तुमच्या टीपॉयकडे जातो, ते काका तुमच्याही ओळखीचे असणार. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, लाकडावर दोनदा टकटक करायचं, कान जरा तिरपा धरायचा आणि यजमानाच्या डोळ्याला डोळा भिडवून निकाल द्यायचा, "सागवान नाही." त्यावर अपील नाही. दुकानदाराची पावती काढून दाखवलीत, तर ते पावतीकडेही दयेनंच बघतात.

आमचे काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोह्यांच्या बशा यायच्या आत त्यांनी शोकेस वाजवून पाहिलं. "पार्टिकल बोर्ड आहे, विचार कर," असं ते पुतण्याच्या कानात म्हणाले. पण काकांचं कुजबुजणं स्वयंपाकघरापर्यंत जातं. लग्न झालं, संसार सुखाचा चालला आहे. फक्त पुढच्या पावसाळ्यात ते शोकेस फुगलं आणि त्याची दारं लागेनाशी झाली. काकांच्या लेखी त्या स्थळाबद्दल त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी पलंगाची उशाकडची फळी वाजवली. बोलावताहेत असं वाटून नर्स धावत आली. "सनमायका," काका म्हणाले आणि पुन्हा झोपले.

2023 साली नव्या संसद भवनाचं उद्घाटन टीव्हीवर चाललं होतं. "हे सागवान आपल्या नागपूरचं बरं का," काका म्हणाले. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूरकडचं सागवान निघालं, तेव्हाही त्यांचा चेहरा असा होता, की जणू स्वतःच्या परसातला वृक्ष त्यांनी देवाला दिला आहे. बोलता बोलता सवयीनं हात पुढे गेला आणि त्यांनी टीव्हीच वाजवला. मग जरा थांबून म्हणाले, "प्लास्टिक."

असा माणूस निवृत्त झाला. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यावर काहीतरी स्वतःच्या हातानं करावं असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि ते काहीतरी म्हणजे कोट अडकवायचं कोरीव खुंटाळं, हेही मनानंच ठरवलं. पुण्यात कोट घालतो कोण? काकांचा स्वतःचा कोट एकच, मुलीच्या लग्नातला. तोही कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात. "आधी कोट तर आणा," काकू म्हणाल्या. पण काका आठवडाभर रोज विश्रामबागवाड्यासमोर उभे राहून दुसऱ्या बाजीरावाच्या कारागिरांनी कोरलेले सुरूचे खांब बघून आले होते. केळकर संग्रहालयातली कोरीव दारं बघून झाली होती. (तिथं वाजवायला मनाई आहे. त्या दिवशी ते हात पाठीमागे बांधून फिरले, म्हणून त्यांना तब्येतीचं विचारणारे दोघेजण भेटले.) आता माघार नव्हती.

टिंबर मार्केटातल्या फळ्यांना नापास करून झाल्यावर एक जुना वाडा पाडताहेत अशी खबर लागली. तिथल्या कडीपाटातली एक कडी काकांनी टकटक करून पसंत केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच "सागवान आहे" असा निकाल दिला. आनंदाच्या भरात भाव करायचा राहिला. कडी घरी आल्यावर कळलं, की शंभर वर्षांत तिच्यात ज्यांनी ज्यांनी खिळे ठोकले, त्यांनी ते काढले नव्हते. करवतीचे दात गेले. जुन्या बाजारातून आणलेल्या पटाश्यांची गतही तीच झाली, कारण सागवानात वाळूसारखी सिलिका असते आणि ती धार खाते. त्यामुळे काका तासभर दगडावर पटाशी घासायचे, मग पंधरा मिनिटं कोरायचे. धार आली का, हे बघायला हातावरचे केस भादरून बघतात. ही जुनी रीत आहे. दिवाळीपर्यंत काकांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला होता.

बाल्कनीचा कारखाना झाला. पोळपाटाला खालून पटाशीचे वार पडले, दिवाणाचा पाय शिकंजा म्हणून कामी आला, वाळत घातलेल्या कपड्यांना भुसा लागला. काकांची भाषाही बदलली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सोफ्यावर जागा हवी असली, तर काका "चार सूत सरका" म्हणू लागले. काकूंनी एकदा पोळी वाढताना विचारलं, "तूप किती सूत घालू?"

नक्षी ठरली पाच हत्तींची. प्रत्येकाची सोंड वर वळलेली, तीच खुंटी. कार्बन पेपरनं चित्र उतरवलं, भोवतालचं लाकूड खाली घेतलं आणि हळूहळू पहिला प्राणी वर आला. खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीनं त्याला ओळखलं: "गणपतीचा उंदीर!" काकांनी दोन दिवस कान मोठे दिसतील असं काम केलं. मग सोंड पूर्ण झाली, आणि तिच्यावर काकूंची ओली छत्री अडकवताच ती मुळातून तुटली. दुसरी तुटली. तिसरी तर काच-कागद लावतानाच हातात आली.

चौथ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये कपाटं करणारा मिस्त्री जिन्यातून चालला होता. त्यानं तुकडा हातात घेतला. टकटक केली नाही, नुसता अंगठा फिरवला. "काका, सोंड आडव्या रेषेत आलीय. अशी तुटणारच. सोंड वेगळी कोरा, रेषा लांबीला धरा. मागं गोल खुंटी ठेवा आणि हत्तीच्या तोंडात भोक पाडून फेविकॉल लावून ठोका." एवढं बोलून तो वर गेला. बत्तीस वर्षांत कुठल्या साहेबाचं न ऐकलेले काका त्याच्या मागोमाग वर गेले.

नंतर ते रोजच जाऊ लागले. एका कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचे. तिथं त्यांना दिसलं, की दोन बेडरूमभर कपाटं करणारा हा माणूस स्वतःचा बाहेरचा शर्ट खिडकीच्या गजाला अडकवतो. मग त्यांना बाकीचंही दिसू लागलं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींची पर्स जिन्याच्या कठड्यावर, वॉचमनची टोपी मीटरच्या पेटीवर, दूधवाल्याचा पाण्यानं निथळणारा रेनकोट त्याच्याच अंगावर. सोसायटीत सदतीस फ्लॅट, प्रत्येकात दोन-तीन कपाटं. आणि कुणाला वस्तू टेकवायला जागा नसेल, तर ती हे सगळं चालवणाऱ्यांनाच.

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे सहा हात देऊन खुंटाळं तयार झालं. काकूंनी ते घरात लावू दिलं नाही, हे काकांचं अधिकृत कारण. ते लागलं तळमजल्यावर, लिफ्टशेजारी. आता तिथं पहिल्या हत्तीला मिस्त्रीचा शर्ट, दुसऱ्याला मावशींची पर्स, तिसऱ्याला टोपी आणि चौथ्याला रेनकोट असतो. पाचवा हत्ती अजून उंदरासारखाच दिसतो. त्याच्यावर पेपरवाल्या पोराची पिशवी असते. कोट आजवर एकही लागलेला नाही. काकांना मी पाच वर्षं टाळत आलो. त्यांची चाहूल लागली, की आम्ही टीपॉयवर टेबलक्लॉथ टाकायचो. हल्ली टाकत नाही. वाजवू देत बापडे.

कमिटीनं मात्र बैठक घेतली. सामाईक भिंतीवर खासगी वस्तू, बाहेरच्यांचे कपडे, येणाऱ्या पाहुण्यांवर होणारा परिणाम. चर्चा दोन तास चालली. काका शांत बसून होते. शेवटी त्यांनी कमिटीच्या टेबलावर दोनदा टकटक केली, कान तिरपा केला आणि सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "आतून पोकळ."

बैठकीत सर्वानुमते ठराव झाला: सदर खुंटाळे ही सभासदाने स्वहस्ते केलेली कलाकृती असल्याने ती जागेवरच राहू द्यावी, मात्र तिच्यावर कोणीही काहीही अडकवू नये.

ठरावाची प्रत काकांनी नीट वाचली, बत्तीस वर्षांच्या सवयीनं तिच्या कोपऱ्यात जावक क्रमांक घातला, आणि चौथ्या सोंडेला टोचून ठेवली. तिच्यावर दूधवाल्याचा रेनकोट असतो.