सोल्युबल ऑइलचं लोणी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मला नोकरी लागली तेव्हा आमच्या आजीने भावकीत सांगून टाकलं की पोरगा मोठ्या हॉटेलात लागला. मीही ते खोडून काढलं नाही. लक्ष्मी टेकडीपाशी उतरून रोज जिथे जायचो ते मशीन शॉप होतं आणि तिथली एकमेव सरबराई म्हणजे स्टीलच्या पेल्यातला चहा.

मशीनवर कास्टिंग कापताना त्यावर पांढरंधोट पाणी सोडलेलं असतं. सगळे त्याला ‘सोल्युबल ऑइल’ म्हणायचे. ते नाव कानावर पडलं आणि माझ्यातला बी.एस्सी. केमिस्ट्री उठून बसला. चहाच्या सुट्टीत मी सीएनसीवरच्या मामांना धरलं. विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं तो द्रावक, दोन्ही मिळून द्रावण. इंग्रजीतले सोल्यूट, सॉल्व्हंट, सोल्युशन हे तिघेही लॅटिन ‘सोल्वेरे’च्या घरातले; अर्थ सोडवणं, मोकळं करणं. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी ती पकड सोडवतं. कर्जातून सुटणं हीसुद्धा सुटकाच, म्हणून ऐपतीचा दाखला इंग्रजीत सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट झाला. आपलं द्रावण आलं संस्कृत ‘द्रु’ धातूवरून, म्हणजे धावणं, वाहणं. जुन्या संस्कृतात द्रावण म्हणजे पळवून लावणंसुद्धा.

मामांनी पेला खाली ठेवला. “म्हंजे पंक्चरवाल्याचं सोल्युशन?”

“छे! ते वेगळं,” मी म्हणालो. ते मुळीच वेगळं नव्हतं. पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात रबर विरघळवलेलं असतं. द्रावक उडून जातो, रबर ट्यूबवर राहतं. सगळ्या तासात वर्गातून आलेलं एकमेव बरोबर उदाहरण गुरुजींनी फुली मारून परत पाठवलं होतं.

पुढे एका मशीनची टाकी नव्याने भरायची होती. प्रमाण सोपं, ऑइलच्या एका भागाला वीस भाग पाणी. मामांनी बजावलं, “आधी पानी, मग त्यात ऑइल, हळूहळू, हलवत.” मी हसलो. मीठ पाण्यात टाका नाहीतर पाणी मिठावर ओता, द्रावण तेच होणार! एवढं ज्ञान असताना क्रम कशाला पाळायचा? ड्रममध्ये आधी ऑइल ओतलं आणि वरून पाण्याचा पाइप सोडून रुबाबात ढवळायला लागलो.

ढवळणं जड होत गेलं. मग दांडा त्यात उभाच राहिला.

त्याचं असं की सोल्युबल ऑइल नावालाच सोल्युबल. ते विरघळत नाही. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगतात आणि साबणाच्या जातीचा एक पदार्थ त्यांना एकत्र येऊ देत नाही. याला इमल्शन म्हणतात. खरं द्रावण आरपार दिसतं. इथे ते थेंब उजेड विखुरतात, म्हणून पांढरा रंग. म्हणजे उत्तर रोज माझ्या बुटांवर उडत होतं. तेलात पाणी ओतलं की बाजू उलटते, पाण्याचे थेंब तेलात कोंडले जातात आणि माल घट्ट होतो.

मामा ड्रममध्ये डोकावले. “सायेब, हे तर लोनी काढलं की ओ तुमी!”

शॉप हसलं. पण रसायनशास्त्राने बोलायचं तर मामा तंतोतंत बरोबर होते. सायीत स्निग्धाचे थेंब पाण्यात असतात, लोण्यात पाण्याचे थेंब स्निग्धात. घुसळताना होते ती हीच उलटापालट. विद्यापीठाने मला तीन वर्षांत जे पटवलं नाही ते मामांच्या घरी रोज सकाळी होत असणार.

त्यांनी दुसरा ड्रम घेतला, पाण्यात ऑइल सोडलं, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून डोळ्याला लावला. ब्रिक्सचं माप कशासाठी असतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, “उसाला बघतो न्हवं आमी ह्येनं.” मी तोंड मिटलं.

माझ्या कोपरापर्यंत ते लोणी चिकटलं होतं आणि नळाखाली कितीही घासलं तरी हलत नव्हतं. मामांनी रॉकेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट पुढे केलं.

“ह्यो घ्या द्रावक,” म्हणाले, “आन् द्राव्य तुमी.”